वितळलेल्या क्षारात धातू विरघळतो तेव्हा: अडून बसलेला करंट आणि काळं पडणारं मीठ

वितळलेल्या क्लोराइडमध्ये विद्युतविघटन करणाऱ्याला, तयार झालेला धातूच क्षारात विरघळून जाण्याचा हा बिघाड कधी ना कधी भेटतोच. मी जास्त काम केलं ते ६५० अंश सेल्सिअसच्या लिथियम क्लोराइडमध्ये आणि ४५० ते ५०० अंशांवरच्या लिथियम-पोटॅशियम क्लोराइडच्या मिश्रणात, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो. सोडियम आणि कॅल्शियमच्या क्लोराइडमध्ये आकडे बदलतात, दुखणं तेच राहतं. तपासणीचा क्रम मात्र मी कधी बदलत नाही. क्रम मोडून थेट मूस बदलायला घेतली की दोन दिवस जातात आणि बिघाड जिथल्या तिथे राहतो.

लक्षणं

काम संपलं तरी करंट खाली येत नाही. कॅथोडवरच्या ऑक्साइडचं क्षपण (ऑक्सिजन काढून धातू करणं) पूर्ण झालं असावं असं हिशेब सांगतो, आलेख सुरुवातीला छान उतरतो आणि मग एका पातळीवर अडून बसतो. तासभर थांबा, चार तास थांबा, रेघ आडवीच.

वजन जुळत नाही. एक अँपिअर करंट एक तास वाहिला तर फॅरडेच्या नियमाने ०.२५९ ग्रॅम लिथियम मिळायला हवं. सोडियम असेल तर ०.८५८ ग्रॅम, कॅल्शियम असेल तर ०.७४८ ग्रॅम. हातात येतं त्याच्या निम्मं, कधी त्याहूनही कमी.

क्षाराचा रंग जातो. स्वच्छ वितळलेलं लिथियम क्लोराइड पाण्यासारखं नितळ असतं. ते आधी राखाडी, मग निळसर-तपकिरी, शेवटी शाईसारखं काळं होतं.

रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकी पोटेन्शिअल मोजतो तो, सरकतो. सकाळी घेतलेला व्होल्टॅमोग्राम (पोटेन्शिअल बदलत मोजलेल्या करंटचा आलेख) आणि दुपारचा एकमेकांवर बसत नाहीत, अख्खा आलेख पन्नास-शंभर मिलिव्होल्टने बाजूला गेलेला असतो. शिवाय आलेखाची बैठक वर उचललेली आणि तिरपी दिसते.

आणि करंट बंद केल्यावर क्षारात बुडवलेली टंगस्टनची तार लिथियमच्या पोटेन्शिअलजवळच रेंगाळते, धन बाजूला चढतच नाही.

यातलं एकच लक्षण असेल तर कारण वेगळं असू शकतं. तीन एकत्र दिसली की मी विरघळलेल्या धातूवरच बोट ठेवतो.

हे होतं कशामुळे

धातू आपल्याच वितळलेल्या क्षारात विरघळतो. आयन होऊन नव्हे, धातू म्हणूनच विरघळतो. लिथियम, सोडियम, पोटॅशियम असे धातू क्षारात शिरले की त्यांचा सुटा इलेक्ट्रॉन आजूबाजूच्या आयनांच्या घोळक्यात अर्धवट बांधलेला, अर्धवट मोकळा राहतो. रंग त्याच्यामुळे येतो. आणि त्याच्यामुळेच, एरवी फक्त आयनांनी करंट वाहणारा क्षार थोडा इलेक्ट्रॉनांनीही वाहू लागतो. सेलच्या आत एक बारीक शॉर्टसर्किट तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही आणि मल्टिमीटर लावूनही सापडत नाही.

दुसरी वाट येरझाऱ्यांची आहे. कॅथोडवर तयार झालेला धातू विरघळून अ‍ॅनोडकडे जातो, तिथे त्याचं ऑक्सिडीकरण होतं, आयन परत कॅथोडकडे येतो. प्रत्येक खेपेला करंट मोजला जातो, पदरात काही पडत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यांतही करंटचा काही भाग असाच जातो. विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅनोडवरून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडशी भिडतं आणि पुन्हा ऑक्साइड होतं. १८८६ पासून चालत आलेली ती प्रक्रिया आजही पूर्ण शंभर टक्के करंट कामी लावू शकत नाही, त्याचं मोठं कारण हेच.

हे मी एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिलं. क्वार्ट्झच्या नळीत लिथियम-पोटॅशियम क्लोराइड वितळवलं होतं, नळी वाया जाणार हे धरूनच, कारण लिथियम क्वार्ट्झला खातं. टंगस्टनच्या तारेवर करंट सुरू केला. काही सेकंद काहीच नाही. मग तारेच्या टोकापासून एक काळपट धागा सुटला, पाण्यात शाईचा थेंब सोडावा तसा, आणि वळत-वळत वर गेला. त्याच्यामागून दुसरा, तिसरा. करंट बंद केला तरी धागे काही वेळ निघत राहिले, तारेवर लिथियम शिल्लक होतं तोवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड लोरेंझ यांनी याला धातूचं धुकं म्हटलं होतं. तो शब्द का सुचला असेल ते त्या दिवशी कळलं. ते धुकं म्हणजे तरंगणारे सूक्ष्म कण की खरं द्रावण, यावर पुढे बराच वाद झाला. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत ब्रेडिग आणि सहकाऱ्यांनी धातू आणि क्षार यांच्या मिश्रणांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि हे खरं द्रावण असल्याचं पक्कं झालं. पोटॅशियम आणि पोटॅशियम क्लोराइड तर सुमारे ७९० अंशांच्या वर कोणत्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. सोडियमच्या जोडीला त्यासाठी सुमारे १०८० अंश लागतात.

लिथियम त्या मानाने फार कमी विरघळतं, ६५० अंशांजवळ साधारण अर्धा मोल टक्का, म्हणजे दर दोनशे कणांमागे लिथियमचा एक. पण म्हणून निश्चिंत राहू नका. अर्धा किलो लिथियम क्लोराइडमध्ये अर्धा मोल टक्का म्हणजे जेमतेम ०.४ ग्रॅम लिथियम होतं. एक अँपिअरने तेवढं दीड तासात तयार होतं. एक दुपार चुकीच्या पोटेन्शिअलवर गेली की अख्खी मूस संतृप्त झालीच म्हणून समजा.

तपासणी १: नोंदवही

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. तरी बहुतेकजण हीच पायरी गाळतात.

पाहायचं ते कॅथोडचं पोटेन्शिअल रात्रीतून कुठे गेलं ते. ६५० अंशांवर लिथियम ऑक्साइडच्या विघटनाला सुमारे २.५ व्होल्ट लागतात, लिथियम क्लोराइडच्या विघटनाला ३.४ ते ३.५. सेल स्थिर करंटवर लावून माणूस घरी गेला असेल तर पुढचं ठरलेलं आहे. क्षपण व्हायचा ऑक्साइड संपत आला की तेवढाच करंट रेटण्यासाठी पोटेन्शिअल खाली-खाली घसरतं आणि लिथियम सुटं पडायला लागतं. नोंदीत ही घसरण पायरीसारखी दिसते. ती दिसली की कारण सापडलं, आता प्रश्न फक्त साफसफाईचा.

त्याच वेळी तापमानाची नोंदही पाहा. ते वीस-तीस अंशांनी वर गेलं असेल तर तेही लिहून ठेवा, पुढे लागेल.

तपासणी २: इलेक्ट्रोड वर उचला

इलेक्ट्रोड क्षाराच्या पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर वर घ्या आणि करंट पाहा. तो शून्यावर आला तर गळती क्षारातून होत होती. आला नाही तर ती झाकणातून किंवा वायरिंगमधून होते आहे, आणि क्षाराला दोष देण्यात अर्थ नाही.

झाकणातून गळती होते याचं लोकांना नवल वाटतं, पण कारण साधं आहे. पोटॅशियम ७५९ अंशांवर उकळतं, सोडियम ८८३ अंशांवर. म्हणजे त्याच्या बऱ्याच खालीही त्यांची वाफ निघत असते. ती वर जाऊन इलेक्ट्रोडभोवतीच्या सिरॅमिक नळीच्या थंड भागावर बसते आणि तिथे धातूचा पातळ मुलामा तयार होतो. वेगळी ठेवलेली दोन टोकं त्या मुलाम्याने जोडली जातात. क्षाराची वाफ आणि शिंतोडेही तिथे साचतात, ग्लोव्हबॉक्सबाहेर (आर्गन भरलेल्या बंद पेटीबाहेर) काढले की ओलावा शोषतात आणि गळतीत भर घालतात. भट्टी थंड असताना नळ्या बदला किंवा घासून, धुऊन, भाजून पुन्हा लावा. धुण्याआधी मुलाम्यात सुटा धातू असू शकतो हे लक्षात ठेवा आणि ते काम फ्यूमहूडमध्येच करा.

तपासणी ३: टंगस्टनची तार आणि करंटची दिशा

सगळ्या पोस्टमधून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. करंट किती आहे हे नंतर बघा, आधी तो कोणत्या दिशेने वाहतो ते बघा.

एक स्वच्छ टंगस्टनची तार क्षारात सोडा. तिला लिथियमच्या पोटेन्शिअलपेक्षा अर्धा व्होल्ट धन बाजूला धरून ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. इथे लिथियम साचू शकत नाही. तरीही करंट वाहत असेल तर दोनच शक्यता राहतात. क्षारात ओलावा, हायड्रॉक्साइड किंवा लोखंडाचे आयन असतील तर त्यांचं क्षपण होतं आणि करंट कॅथोडिक येतो. विरघळलेलं लिथियम असेल तर त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि करंट अ‍ॅनोडिक येतो. चिन्ह उलटं. अख्ख्या निदानाचा निम्मा भाग या एका चिन्हात आहे, आणि त्यासाठी कुठलंही नवं उपकरण आणावं लागत नाही. तुमच्या पोटेन्शिओस्टॅटवर (पोटेन्शिअल धरून करंट मोजणाऱ्या उपकरणावर) अ‍ॅनोडिक करंट धन दाखवतात की ऋण, एवढं मात्र आधी तपासा. या एका गोष्टीने मी चांगल्या-चांगल्या माणसांना दोन दिवस उलट्या दिशेला शोधताना पाहिलं आहे.

मग त्याच तारेला मोकळं सोडा, म्हणजे करंट न देता नुसतं पोटेन्शिअल मोजा. आधी सेकंदभर लिथियम साचवा आणि सोडून द्या. तारेवर लिथियम आहे तोवर पोटेन्शिअल सपाट राहतं. ती पातळी म्हणजे तुमचं शून्य. लिथियम संपलं की स्वच्छ क्षारात तार झपाट्याने वर जाते, व्होल्टभर किंवा त्याहून अधिक. धातू विरघळलेला असेल तर ती मध्येच अडते.

कुठे अडते त्यावरून किती धातू आहे तेही कळतं. ६५० अंशांवर विरघळलेल्या लिथियमची सक्रियता (ढोबळमानाने त्याचं प्रमाण) दहापट कमी झाली की पोटेन्शिअल १८३ मिलिव्होल्टने धन बाजूला सरकतं. ५०० अंशांवर तोच आकडा १५३. तार लिथियमच्या पातळीपासून दहा-वीस मिलिव्होल्टवरच बसली असेल तर क्षार जवळजवळ संतृप्त आहे. १८० वर बसली तर संतृप्ततेच्या दहाव्या हिश्श्याजवळ, ३६० च्या पुढे असेल तर शंभराव्या हिश्श्याच्याही खाली. मी शंभराव्या हिश्श्याखालचा क्षार रोजच्या कामाला चालवून घेतो. त्याच्या वर नाही.

ढवळूनही पाहा. आर्गनचे बुडबुडे सोडले की विरघळलेल्या धातूचा करंट लगेच वाढतो, थांबवले की उतरतो. झाकणातली गळती ढवळण्याला दाद देत नाही.

तपासणी ४: गोठलेला नमुना

काळं दिसलं म्हणजे धातूच असतो असं नाही. ग्रॅफाइटचा अ‍ॅनोड झिजून कार्बनची भुकटी तरंगते, तिनेही क्षार काळा होतो. स्टीलच्या मुशीतून आलेलं लोखंड आणि क्रोमियमही रंग आणतात.

थंड टंगस्टनची सळई क्षारात क्षणभर बुडवून बाहेर काढा. तिच्यावर गोठलेला पातळ पापुद्रा बसतो. तो ग्लोव्हबॉक्समध्येच सोलून वाटाण्याएवढा तुकडा घ्या, झाकणाच्या बाटलीतून फ्यूमहूडमध्ये आणा आणि पाण्यात टाका. वाटाण्याएवढाच, जास्त नको. विरघळलेला धातू असेल तर तुकड्यातून हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघतात आणि रंग जातो. कार्बन असेल तर बुडबुडे येत नाहीत, काळी भुकटी तळाशी बसते.

फेनॉफ्थॅलीन (अल्कधर्मी पाण्यात गुलाबी होणारा दर्शक) टाकून गुलाबी रंग आला म्हणून धातू आहे असा निष्कर्ष काढू नका. लिथियम ऑक्साइडनेही पाणी अल्कधर्मी होतं, आणि ऑक्साइड तर आपणच क्षारात घातलेलं असतं. खूण बुडबुड्यांची धरा.

एक गोष्ट इथेच सांगतो. रात्री काळा असलेला क्षार सकाळी आपोआप नितळ झालेला दिसला तर ती आनंदाची बातमी नाही. ग्लोव्हबॉक्समधला ऑक्सिजन किंवा ओलावा त्या लिथियमने खाल्ला आहे आणि आता क्षारात तेवढं ऑक्साइड वाढलं आहे. दोन बिघाडांतला एक झाकला गेला, एवढंच.

तपासणी ५: तापमान

थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) क्षारातच आहे ना, की भट्टीच्या भिंतीजवळ? दोन्हींत पन्नास अंशांचा फरक मी पाहिलेला आहे. धातूची विद्राव्यता तापमानाबरोबर वाढते, शिवाय उष्ण क्षार जास्त ढवळला जातो, म्हणजे धातू अ‍ॅनोडपर्यंत लवकर पोचतो. वीस-तीस अंश खाली येता येत असेल तर या.

सोडियम बनवायच्या डाउन्स सेलमध्ये ही युक्ती १९२०च्या दशकापासून वापरात आहे. निव्वळ मीठ ८०१ अंशांवर वितळतं. त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळलं की सेल सुमारे ६०० अंशांवर चालवता येतो आणि सोडियमचं विरघळणं बरंच घटतं. लिथियम क्लोराइड ६०५ अंशांजवळ वितळतं, पण पोटॅशियम क्लोराइडबरोबरचं मिश्रण ३५५ अंशांजवळच वितळतं. तुमच्या कामाला मिश्रण चालत असेल तर त्यावर जाण्याने निम्मी डोकेदुखी जाते. ऑक्साइडच्या क्षपणाला ते सहसा चालत नाही, कारण मिश्रणात लिथियम ऑक्साइड फारच कमी विरघळतं.

तपासणी ६: करंट कमी करू नका

धातू वाया जातोय म्हटल्यावर हात आपोआप करंट कमी करायला जातो. थांबा.

कॅथोडवरून धातू विरघळून जाण्याचा वेग कॅथोडचं क्षेत्रफळ, तापमान आणि ढवळणं यांवर ठरतो. तुम्ही किती करंट देता याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. समजा ती गळती ५० मिलिअँपिअरएवढी आहे. ५०० मिलिअँपिअरवर काम केलं तर दहा टक्के जातात. १०० मिलिअँपिअरवर आणलं तर निम्मे जातात. काळजी घेतल्यासारखं वाटतं आणि नुकसान पाचपट होतं.

उपाय आहे तो कॅथोडचं उघडं क्षेत्रफळ कमी करण्याचा, अनावश्यक ढवळणं थांबवण्याचा आणि ठरलेलं काम पटकन आटोपून कॅथोड वर घेण्याचा. वरच्या टोकाला मर्यादा आहेच. करंटची घनता फार वाढवली की धातू झाडाच्या फांद्यांसारखा वाढतो, फांद्या तुटून तरंगतात आणि त्या विरघळत राहतात.

तपासणी ७: रेफरन्स इलेक्ट्रोड

सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स बहुधा म्युलाइट या सिरॅमिकच्या किंवा काचेच्या बंद नळीत असतो. विरघळलेलं लिथियम त्या भिंतीतल्या सिलिकाचं क्षपण करतं. भिंत काळी पडते, थोडी इलेक्ट्रॉनवाहक होते, आणि आतले चांदीचे आयन चांदी होऊन भिंतीवर बसू लागतात. आतलं प्रमाण बदललं की पोटेन्शिअल सरकणारच.

त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी तपासणी ३ मधली लिथियमची सपाट पातळी पुन्हा घ्या. रेफरन्सने मोजलेली ती पातळी कालच्यापेक्षा सरकली असेल तर सरकला तो रेफरन्स, लिथियम नव्हे. नवा रेफरन्स लावा, आणि जुन्याची नळी फोडून आत बघा. चांदीची चकाकी दिसली तर शंका उरत नाही. हल्ली मी धातूभरल्या क्षारात रेफरन्स दिवसभर बुडवून ठेवतच नाही. मोजायच्या वेळी खाली, एरवी वर.

तपासणी ८: ओलावा आणि वायू

तपासणी ३ मध्ये करंट कॅथोडिक निघाला असेल तर गाडी इथे येते. लिथियम क्लोराइड हवेतला ओलावा अधाशासारखा ओढतं. ते ओलं असताना झटकन तापवलं की पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रॉक्साइड बनतं आणि हायड्रोजन क्लोराइड निघून जातं. मग नुसतं तापवून ते परत येत नाही. म्हणून वाळवणं निर्वातात, टप्प्याटप्प्याने, आणि घाई न करता. मी निदान दोन दिवस देतो.

उरलेला ओलावा आधीच्या हलक्या विद्युतविघटनाने काढता येतो, क्षाराच्या विघटनाच्या बऱ्याच खाली, दोन-सव्वादोन व्होल्टवर. इथे अजून एक खूण मिळते. ओलाव्याचा करंट तासागणिक घटत जातो, कारण ओलावा संपतो. येरझाऱ्या घालणाऱ्या धातूचा करंट घटत नाही. तेच ते लिथियम पुन्हा पुन्हा फिरत असतं.

आणि वायू आर्गनच हवा. नायट्रोजन वापरून पैसे वाचवायचा मोह होतो, पण लिथियम नायट्रोजनशीही जुळतं आणि नायट्राइड क्षारात उतरतं.

धातू बाहेर काढायचा कसा

निदान पक्कं झालं की सगळ्यात सोपी वाट बिस्मथची. ५० ग्रॅमच्या आसपास बिस्मथ मॉलिब्डेनमच्या किंवा मॅग्नेशियाच्या लहान वाटीत घालून क्षारात उतरवा. बिस्मथ २७१ अंशांवर वितळतं. विरघळलेल्या लिथियमला त्यात जाणं फार मानवतं, कारण बिस्मथमध्ये त्याचं पोटेन्शिअल शुद्ध लिथियमपेक्षा पाऊण व्होल्टच्या आसपास धन बाजूला असतं. वरच्या १८३ मिलिव्होल्टच्या हिशेबाने पाऊण व्होल्ट म्हणजे क्षारातली लिथियमची सक्रियता संतृप्ततेच्या दहा हजाराव्या हिश्श्यापर्यंत खाली येते. बाहेरून करंट द्यावा लागत नाही. हलकेच आर्गन सोडत राहा आणि टंगस्टनच्या तारेचं मोकळं पोटेन्शिअल वर चढताना पाहा. ती चढण बघण्यात मला आजही समाधान मिळतं. आदल्या दिवशी शाईसारखा असलेला क्षार हळूहळू निवळतो आणि मुशीचा तळ दिसू लागतो.

दोन सावधगिऱ्या. स्टीलची वाटी नको, बिस्मथ त्यातलं निकेल ओढून घेतं. आणि बिस्मथ लिथियमने गच्च भरू देऊ नका. भरत गेलं की त्यांचं संयुग स्वतःच क्षारात थोडं उतरतं आणि नवा रंग येतो. काम झालं की वाटी लगेच वर घ्या.

ग्रॅफाइटच्या अ‍ॅनोडवर ऑक्सिडीकरण करून धातू काढू असं काहीजण म्हणतात. काढता येतो, पण त्या वेळी समोरच्या इलेक्ट्रोडवर काय होतंय ते बघा. तिथे पुन्हा लिथियमच पडत असेल तर तुम्ही एका हाताने काढून दुसऱ्या हाताने घालताय. समोर बिस्मथ किंवा शिसं असेल तरच त्याला अर्थ आहे.

एक अपवाद नोंदवतो. काही कामांत हाच विरघळलेला धातू हवा असतो. कॅल्शियम क्लोराइडमध्ये विरघळलेल्या कॅल्शियमनेच टायटॅनियम ऑक्साइडचं क्षपण करायची पद्धत जपानी संशोधक ओनो आणि सुझुकी यांनी २००२च्या सुमारास मांडली. तिथे काळा क्षार हा बिघाड नव्हे, तोच कामगार आहे. तुमचं काम त्या जातीचं असेल तर क्षार साफ करू नका. अ‍ॅनोड पडद्याआड ठेवा, म्हणजे कॅल्शियम तिथवर पोचणार नाही.

शेवटची पायरी: मूस

वरचं सगळं करूनही आठवड्यात बिघाड परत आला तर मूस पाहावी लागते, आणि त्यासाठी भट्टी थंड करणं आलं. म्हणून ती शेवटी. अ‍ॅल्युमिनाच्या मुशीला लिथियम आणि लिथियम ऑक्साइड मिळून खातात, आतली बाजू काळवंडते आणि खरवडल्यावर भुगा निघतो. क्वार्ट्झ तर विचारूच नका. लांब मुदतीच्या कामाला मी मॅग्नेशिया घेतो. क्लोरीन निघत नसेल अशा कामाला मॉलिब्डेनम किंवा टँटलम.

कुठे थांबायचं

खालच्या कोणत्याही प्रसंगात हात मागे घ्या आणि त्या कामाच्या जाणत्या माणसाला बोलवा. हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही.

मुशीतून क्षार भट्टीत गळला असेल तर हीटर बंद करून दूर व्हा. क्षार आणि त्यातला धातू मिळून हीटरची तार आणि भट्टीचं बाहेरचं कवच जोडू शकतात, मग भट्टीला हात लावणंही विजेच्या धक्क्याचं कारण ठरतं. तिथे भट्टीचा इलेक्ट्रिशियनच हवा.

क्लोरीनचा वास आला तर तपासणी नाही, खोली रिकामी. धातू काढायला कोरडा क्लोरीन क्षारातून सोडण्याची पद्धत आहे आणि ती चालतेही, पण त्यासाठी वायू धुण्याची सोय, गळतीचा अलार्म आणि प्रशिक्षित माणूस लागतो. स्वतः करून पाहायची ती गोष्ट नाही.

क्षाराच्या वर धातूचा तवंग तरंगताना दिसला तर झाकण उघडू नका. लिथियम क्षारापेक्षा हलकं असल्याने वर येतं आणि हवा लागताच पेटू शकतं. पेटलंच तर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइड नाही, नेहमीचं अग्निशामक नाही. लिथियमसाठी ग्रॅफाइटची किंवा तांब्याची कोरडी पूड हाताशी असावी, आणि ती भट्टी सुरू करण्याआधी असावी.

पोटेन्शिओस्टॅटच्या किंवा पॉवर सप्लायच्या आत शिरू नका. इलेक्ट्रोड वर उचलल्यावर करंट शून्य होत असेल तर ते उपकरण निर्दोष आहेच. होत नसेल आणि झाकणही साफ असेल, तर सेलच्या जागी माहीत असलेला रेझिस्टर जोडून आकडा बघा. तो चुकला तरच उपकरण दुरुस्तीला पाठवा.

धातू मुरलेला टाकाऊ क्षार कचऱ्यात किंवा मोरीत टाकायचा नाही. तो आर्गनखाली बंद डब्यात, वर तारीख आणि अंदाजे किती लिथियम आहे ते लिहून, रासायनिक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्यांच्या हाती द्या. डब्यावर 'क्षार' एवढंच लिहू नका. उघडणाऱ्याला आत धातू आहे हे कळलं पाहिजे.